वैशाखातला दांडा

आठवडी बाजारात कुऱ्हाड विकत मिळत नाही, अर्धी कुऱ्हाड मिळते. ताडपत्रीवर लोखंडाची पाती ओळीनं मांडलेली असतात, प्रत्येकाच्या डोक्याला एक रिकामं भोक. थोडं पलीकडे, बहुतेक वेळा दुसऱ्याच माणसाकडे, दांड्यांची मोळी भिंतीला टेकवलेली असते. गिऱ्हाईक पात्याची धार अंगठ्यावर जोखतं, टिचकी मारून आवाज ऐकतं, हातात तोलून बघतं, पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतं. दांडा मात्र मोळीतून हाताला येईल तो उपसतं. पुढच्या उन्हाळ्यात कुऱ्हाड डुलायला लागली की शिव्या खातो तो लोहार.

हा लेख दांड्याची बाजू घेऊन लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गोंदियाहून बालाघाटकडे निघालं की रावणवाडीच्या पुढे बाघ नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश, आणि पलीकडे उतरल्यावर राजेगाव. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही नदी नुसती नदी होती. दोन्ही काठांचं राज्य एक होतं आणि राजधानी नागपूर. त्या दिवशी गोंदियाचा तेव्हाचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि बाघ नदी सरहद्द झाली. सोयरीक, बाजार आणि बोली यांनी ही सरहद्द फारशी मनावर घेतलेली नाही. पलीकडच्या कचेरीत हिंदी, घरात पोवारी किंवा झाडीकडची मराठी, बाजारात दोन्हींची खिचडी. 'ळ' चा 'र' होतो आणि प्रत्येक वाक्याला 'जी' लागतो. धान दोन्हीकडे तेच, आणि ते कापायचा हंगामही तोच. दिवाळीच्या सुमारास इथल्या बांध्यांमध्ये हलकं धान कापून झालेलं असतं आणि भारी धान उभं असतं. म्हणजे सगळ्या घरांतले विळे बाहेर निघालेले असतात.

हाताच्या अवजाराला लाकूड कसं बसवायचं, हा प्रश्न या मुलखाला फार जुना आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून तांब्याचं काहीतरी वर आलेलं दिसलं. खणल्यावर ४२४ तांब्याची अवजारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचं वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास. भारतात एका जागी सापडलेल्या ताम्रनिधींमध्ये हा सर्वांत मोठा मानला जातो. त्यातल्या वस्तू पुढे नागपूर, कोलकाता आणि लंडनच्या संग्रहालयांत विखुरल्या. नागपूरच्या अजब बंगल्यात चांदीचे बैलाच्या तोंडाचे पत्रे बघायला गर्दी होते. माझी नजर तांब्याच्या सपाट कुऱ्हाडींवर खिळते, कारण त्यांना भोक नाही. पातं आहे, धार आहे, काहींना खांदेही आहेत, पण दांडा घालायला जागा नाही.

मग दांडा बसवत कसा असतील? लाकूड तर मातीत केव्हाच गेलं. उत्तराची एक वाट आल्प्समधून जाते. १९९१ साली तिथल्या बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ज्याला आज ओट्झी म्हणतात, त्याच्याजवळची तांब्याची कुऱ्हाड दांड्यासकट टिकली होती. दांडा यू नावाच्या झाडाचा, आणि तो निवडला होता खोडाला फांदी जिथे फुटते तिथून, म्हणजे कोपर झाडानंच करून दिलेलं. आखूड बाजूला फाक पाडून तिच्यात पातं सरकवलेलं, भूर्जाच्या झाडाच्या डांबरानं चिकटवलेलं आणि वर चामड्याची वादी गुंडाळलेली. गुंगेरियाच्या कुऱ्हाडी अशाच बांधल्या असाव्यात असा अंदाज करता येतो, सिद्ध करता येत नाही. त्यातल्या लांबट पट्ट्या तर कुऱ्हाडी नसून पहारी असाव्यात, असंही काही अभ्यासक म्हणतात.

तांब्याच्या पात्याला भोक पाडण्याऐवजी लाकडाला फाक पाडली, तर प्रत्येक घावानिशी पातं लाकडात पाचरीसारखं घुसतं आणि दांडा उलतो. लोखंड आलं तेव्हा हा हिशेब उलटला. आता लोखंडाला नेढं आहे आणि लाकूड त्याच्यात शिरतं. लोखंडाचं कडं लाकडाला चहूबाजूंनी आवळून धरतं. बालाघाटच्या बैहर पठारावर आणि त्यापलीकडे मंडल्याकडे हे लोखंड आगरिया लोक मातीच्या छोट्या भट्ट्यांत गाळत. व्हेरियर एल्विन यांचं 'द आगरिया' हे पुस्तक १९४२ चं. त्याआधी १९३९ मध्ये त्यांनी बैगांवर लिहिलं. नांगरानं धरतीमातेचं अंग फाडायचं नाही असं मानणाऱ्या बैगांची शेती कुऱ्हाडीवर चालायची. झाडं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत बी टाकायचं. इंग्रज सरकारनं ही बेवर शेती टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि १८९० साली मंडला जिल्ह्यात बैगा चक आखून तेवढ्यापुरती ठेवली. कुऱ्हाड मात्र खांद्यावर राहिली. आज आगरियांच्या भट्ट्यांचं लोखंड बाजारात नाही. ट्रकच्या कमानीचे पाटे तोडून, तापवून, ठोकून पाती होतात आणि ती पाती उत्तम असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार लाकडाबद्दल आहे, आणि ती झाडापासून सुरू होते.

दांड्याचं लाकूड नुसतं टणक असून भागत नाही. घाव बसला की जो झटका परत फिरतो तो लाकडानं पोटात घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर एक तर दांडा मोडतो, नाहीतर मनगट. म्हणून जाणता माणूस धामण शोधतो. धामणीच्या लाकडाची धनुष्यं होतात, कावडीचे दांडे होतात. ते वाकतं आणि परत येतं. त्याच्या खालोखाल धावडा. हा जास्त जड आणि टणक, बैलगाडीच्या आसासाठी इतका वापरला गेला की इंग्रजांनी त्याचं नावच आसाचं लाकूड असं पाडलं. तिवसही चांगला, पण तो नांगर आणि गाडीच्या कामातून उरला तर. सागाचं नाव ऐकून कोणी भुलू नये. साग हवेनं फार कमी हलतो, त्यामुळे सागाचा दांडा लवकर ढिला होत नाही हे खरं आहे. तो ढिला होण्याआधी मोडतो.

आणि बाभूळ. धानाच्या बांधांवर बाभळी राखायची रीत या सगळ्या पट्ट्यात आहे. बाभळीचा दांडा धामणीइतका लवचीक नसतो, पण चिवट असतो आणि मुख्य म्हणजे आपल्या बांधावर असतो. जंगलातलं लाकूड आणि घरातली कुऱ्हाड यांच्यामध्ये गेली दीडशे वर्षं एक कचेरी उभी आहे. मध्य प्रांतात गावकऱ्यांच्या गरजेपुरत्या लाकडाला, सरपणाला, चराईला 'निस्तार' म्हणत. शेतीच्या अवजारांचं लाकूडही त्यात येई. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक करायची तरतूद आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंही निस्ताराचा हक्क सामूहिक हक्कांत धरला. कागदावर दांडा शाबूत आहे. प्रत्यक्षात एका धामणीच्या फांदीसाठी कोण कागद घेऊन फिरणार? त्यातून मधे सरहद्द, वनोपज पूल ओलांडून न्यायचं तर वाहतूक परवान्याची भानगड वेगळी. लोक बांधावरच्या बाभळीकडे वळतात किंवा बाजारातल्या मोळीकडे.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण शाळेपासून ऐकतो. दांड्यावर तिनं फार अन्याय केला असं मला वाटतं. मध्य भारतातली सालाची आणि सागाची जंगलं उतरली ती रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि इमारतींसाठी. शेतकऱ्यानं तीन-चार वर्षांतून एकदा नेलेल्या हातभर फांदीनं कुठलं जंगल संपलं?

आता मोळीकडे येऊ. मोळीत जे दांडे असतात त्यांत अलीकडे निलगिरी बरीच असते. सरळ दिसते, स्वस्त पडते, लवकर वाढते. पण तिच्या रेषा खोडाभोवती पीळ घेत चढतात आणि वाळताना ती पुष्कळ आकसते. त्याहून वाईट म्हणजे हे दांडे बहुधा ओले असतात. रंधा मारून गुळगुळीत केलेला ओला दांडा आणि वाळलेला दांडा डोळ्यांना सारखाच दिसतो. हातात घेतला तर ओला जड लागतो, गालाला लावला तर गार लागतो. एवढी परीक्षा कोणीही करू शकतं, करत नाही.

राजेगावच्या बाजूच्या एका सुताराला मी विचारलं की लोक दांडा बदलायला केव्हा येतात. साठी ओलांडलेला माणूस, हातातली वाकस थांबली नाही. "पानी पडला का येतेत जी. कामाचे दिवस तेच ना. अन् तेच दिवस दांडा बसवाचे नोहेत." मग केव्हाचे? "बैसाखात. पन बैसाखात कोनाले कुऱ्हाड आठवते?"

त्याच्या या उत्तरात सगळं शास्त्र आहे, फक्त आकडे घालायचे बाकी आहेत. लाकूड तोडल्यावर सुकतं आणि सुकून संपतं, असं आपल्याला वाटतं. लाकूड सुकून संपत नाही. ते हवेशी देवाणघेवाण करत राहतं, शंभर वर्षांच्या तुळईतसुद्धा. मे महिन्यात, जेव्हा या भागातली हवा भाजलेली असते, तेव्हा सावलीतल्या लाकडात त्याच्या वजनाच्या ५-६ टक्के पाणी उरतं. श्रावणात तेच लाकूड १५ टक्क्यांच्या पुढे जातं. पाणी घेतलं की ते फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ मुळीच नाही. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वर्षवलयांच्या वळणानं त्याच्या साधारण दुप्पट. नेढ्यात बसलेला दांड्याचा भाग २५ मिलिमीटर रुंद धरला, तर श्रावणापासून वैशाखापर्यंत तो अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरनं बारीक होतो. आणि हा हिशेब वाळलेल्या लाकडाचा आहे. झाडावरून उतरवलेला ओला दांडा याच्या दुप्पट-तिप्पट आकसू शकतो. लोखंडाचं कडं मात्र तेवढंच राहतं. उन्हानं ते वाढतं ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही नाही.

म्हणजे आषाढात ठोकून घट्ट बसवलेली कुऱ्हाड चैत्रात डुलणार हे ठरलेलं आहे. त्यात लोहाराचाही दोष नाही आणि ठोकणाऱ्याच्या ताकदीचाही नाही.

डुलायला लागलेल्या कुऱ्हाडीवर घरोघरचा इलाज एकच: बादलीत बुडवून ठेवा. सकाळी काढावी तर दगडासारखी घट्ट. हा इलाज दोन दिवस खरा असतो. पण पाणी प्यालेलं लाकूड फुगू पाहतं तेव्हा बाहेरून लोखंड त्याला फुगू देत नाही. आतल्या आत लाकडाच्या नळ्या चेपल्या जातात, आणि चेपलेली नळी परत गोल होत नाही. पाणी उडून गेलं की दांडा पहिल्यापेक्षाही बारीक होतो. पुन्हा बादली, पुन्हा चेपणं. चार-पाच वेळा असं झालं की नेढ्यातलं लाकूड चोथ्यासारखं होतं आणि मग खिळे ठोकायला सुरुवात होते. बोटभर खिळा दांड्याच्या डोक्यात ठोकला की तो रेषांच्या मधून वाट काढतो, लाकूड उलतं, वर खिळा गंजतो. खिळ्यांनी भरलेलं डोकं दिसलं की सुतार दांडा हातातही घेत नाही, सरळ कापून टाकतो.

डुलणाऱ्या कुऱ्हाडीची भीती नवी नाही. बायबलच्या जुन्या करारात, 'अनुवाद' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात, चुकून झालेल्या मनुष्यवधाचं उदाहरण द्यायचं होतं तेव्हा हेच दिलं आहे. दोघे लाकडं तोडायला रानात गेले, घाव घालताना दांड्यावरून लोखंड निसटलं आणि सोबत्याला लागलं. असा माणूस शरण-नगरात पळून जाऊन जीव वाचवू शकतो. कायदा लिहिणाऱ्यांना यापेक्षा ओळखीचा अपघात सुचला नाही.

तर दांडा बसवायचा कसा?

लाकूड थंडीत तोडायचं, पौष-माघात, झाड निवांत असतं तेव्हा. मनगटापेक्षा जाड ओंडका घेऊन तो उभा फाडायचा, करवतीनं चिरायचा नाही. करवत सरळ जाते, मग लाकडाची रेषा कुठेही वळलेली असो. फाडताना लाकूड आपल्या रेषेनंच उलतं, म्हणून फाडलेल्या फळीत रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. जिथे रेषा दांड्याच्या कडेतून बाहेर पळते तिथेच दांडा मोडतो, आणि मोडलेल्या जागी तो नेहमी तिरका, भाल्यासारखा टोकदार मोडतो. फाडलेले तुकडे दांड्याच्या मापापेक्षा बोटभर जाड ठेवायचे, दोन्ही तोंडांना शेण किंवा मेण फासायचं, कारण लाकूड तोंडातून फार भराभर पाणी सोडतं आणि तडकतं. मग माळ्यावर, सावलीत, हवा खेळेल अशा जागी टाकून विसरून जायचं. चुलीच्या वरचा माळा सर्वांत उत्तम. आता चुलींची गॅस शेगडी झाली आणि तो माळा गेला.

वैशाखात तुकडे खाली येतात. वाकशीनं आकार द्यायचा, मग रंधा किंवा कानस, शेवटी फुटक्या काचेच्या कडेनं खरवडायचं. काच इतका बारीक पापुद्रा काढते की पॉलिश पेपर लागत नाही. दांडा गोल करायचा नाही, अंडाकृती करायचा. अंडाकृती दांडा मुठीत आला की धार कुठल्या दिशेला आहे हे न बघता कळतं. गोल दांडा हातात फिरतो आणि फिरलेल्या कुऱ्हाडीचा घाव पायावर येऊ शकतो. टोकाला थोडा फुगवटा ठेवायचा, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून. लांबीचं जुनं माप असं की पातं मुठीत धरून हात सरळ केला तर दांड्याचं दुसरं टोक काखेत यावं. प्रत्येकाचा दांडा त्याच्या हाताएवढा.

नेढ्यातली जोडणी हे खरं काम. नेढ्याच्या आतून काजळी फासायची, दांड्याचं तोंड त्यात दाबायचं, काढायचं. जिथे काळं लागलं तिथेच लाकूड उंच आहे. तेवढंच पटाशीनं उतरवायचं आणि पुन्हा दाबायचं. घाई करणारा सगळीकडून छिलतो आणि मग पोकळी पाचरीनं भरायला बघतो. सुतार दहा-बारा वेळा काढ-घाल करतो आणि एकदाही चिडत नाही. काळं सगळीकडे सारखं लागायला लागलं की जोडणी जमली. मग दांड्याच्या डोक्यात पाचरीसाठी चीर पाडायची, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांशापर्यंत. त्याहून खाली गेली तर चीर कड्याबाहेर पडते आणि दांडा तिथून फाटतो.

आता ठोकायचं, आणि इथे नवखा माणूस हमखास चुकतो. तो कुऱ्हाड जमिनीवर उभी करून वरून लोखंडावर हातोडा मारतो. जाणकार उलटं करतो. तो दांडा हातात हवेत धरतो, पातं खाली लोंबतं, आणि मोगरीनं वर आलेल्या दांड्याच्या बुडावर मारतो. पातं कशावरही टेकलेलं नसतं. तरी प्रत्येक ठोक्याला ते दांड्यावर वर सरकत येतं, कारण दांडा हलका असतो, ठोक्यानिशी पुढे जातो, आणि जड लोखंड जागच्या जागी थांबतं. बघणाऱ्याला आधी ही जादू वाटते. आवाज आधी भद्द येतो, मग हळूहळू बारीक आणि खणखणीत होत जातो. आवाज बदलायचा थांबला की मारणं थांबवायचं.

मग पाचर. पाचर दांड्यापेक्षा टणक आणि दांड्यापेक्षा वाळलेल्या लाकडाची, खैराची किंवा बाभळीच्या गाभ्याची. सावकाश, एकसारखी ठोकायची. ती तुटली तर तुकडा काढून नवी. वर आलेलं लाकूड लगेच लोखंडाच्या बरोबरीनं कापून टाकू नये, दाणाभर वर ठेवावं. कड्याबाहेरचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि पात्याला वरून अडवून धरतं. शेवटी दांड्याच्या उघड्या डोक्याला जवसाचं गरम तेल पाजायचं, ते पिईल तेवढं. उभ्या धानात जवस आणि लाखोळी फेकून पेरायची या भागाची चाल आहे, त्यामुळे जवसाचं तेल इथे परकं नाही. ते हवेत घट्ट होऊन लाकडाची तोंडं बुजवतं. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल लोक वापरतात पण ते सुकत नाही, नुसतं चिकट राहतं.

असा वैशाखातला दांडाही पहिल्या पावसाळ्यात फुगून थोडा चेपला जाणारच. पुढच्या उन्हाळ्यात तो केसभर सैल होतो. पाचर असते ती त्यासाठीच. एक-दोन ठोके दिले की पुन्हा घट्ट. पाणी लागत नाही, खिळा लागत नाही.

टिकास आणि कुदळीचं गणित वेगळं, आणि माझ्या मते जास्त हुशारीचं. तिथे दांडा डोक्याकडे जाड असतो आणि नेढ्यातून वरून खाली ओवलेला असतो. बारीक टोक आधी शिरतं, जाड डोकं येऊन अडकतं. पाचर नाही, काही नाही. हवेत फिरवताना लोखंड बाहेरच्या बाजूला धाव घेतं आणि जितकं धावेल तितकं जाड डोक्यावर आवळत जातं. काम संपलं की दांड्याचं बूड जमिनीवर आपटायचं, लोखंड खाली घसरतं, हातात दोन सुटे भाग. खंती खणणारे मजूर दांडा तेवढा घरी नेतात आणि लोखंड मुकादमाच्या कोठीत ठेवतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. लोखंड कोणाचंही चालतं, दांडा दुसऱ्याचा चालत नाही.

विळ्याची गोष्ट नेढ्याची नाहीच. विळ्याच्या मागे टोकदार शेपूट असतं आणि ते लाकडी मुठीत शिरतं. मुठीला आधी गिरमिटानं बारीक भोक पाडायचं, शेपटापेक्षा बारीक. मग शेपूट लाल होईपर्यंत तापवायचं. तापवताना पात्यावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, नाहीतर उष्णता धारेपर्यंत जाऊन लोहारानं दिलेलं पाणी उतरतं. लाल शेपूट भोकात दाबलं की धूर निघतो आणि लाकूड जळून शेपटाच्या नेमक्या आकाराची जागा तयार होते. एकदम तळापर्यंत जाळायचं नाही. दोन-तीनदा थोडं थोडं, आणि शेवटचं बोटभर अंतर थंड शेपूट ठोकून. मुठीच्या तोंडाला लोखंडी कडी आधीच चढवलेली हवी, ठोकताना मूठ फुटू नये म्हणून. काही लोहार शेपूट मुठीच्या पलीकडे काढून टोक वळवून टाकतात, म्हणजे उपसून यायचा प्रश्नच नाही.

याहून जुनी रीत लाखेची. पळसावर आणि कुसुमावर लाख घेणारा हा मुलूख आहे. भोकात लाखेचा चुरा आणि विटेची बारीक पूड भरायची, शेपूट तापवून दाबायचं. लाख वितळते, सगळ्या फटी भरते, थंड झाली की दगड. तलवारींच्या मुठी याच पद्धतीनं बसवलेल्या असत. मूठ बदलायची असेल तर पुन्हा तापवा, लाख सोडून देते. आजचा दोन नळ्यांचा चिकट गोंद असा पुन्हा वितळत नाही.

पण विळ्याच्या मुठीबद्दल बोलताना ज्यांच्या हातात ती असते त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. धान कापतात बहुतेक बाया. कापणीला वाकलेल्या एका काकूंनी मला आपली मूठ दाखवली. तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. "मूठ मोठी हाये जी. माणसाच्या हाताची." दिवसभर मोठी मूठ धरायची म्हणजे बोटं पूर्ण वळत नाहीत, पकड ताकदीनं टिकवावी लागते आणि संध्याकाळी मनगट बोलतं. चिंधीनं ती आणखी मोठी होते, पण निदान घसरत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं 'नवीन' नावाचा दातेरी विळा काढला. त्याच्या मुठीला मागे बाक दिलेला आहे, त्यामुळे पकड सुधारते आणि कापताना बोटं जमिनीवर घासत नाहीत. याच संस्थेनं शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या हातापायांची मापंही देशभर जमवून घेतली. ही मापं अहवालात आहेत. बाजारातल्या विळ्याची मूठ अजून एकाच मापाची आहे. गावातल्या सुताराला कोणी बाई स्वतः मूठ करून मागायला जात नाही, घरातला पुरुष जातो आणि आपल्या मुठीत धरून बघून आणतो.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तेव्हा सुतार आणि लोहार गावाची अवजारं सुगीच्या धान्यावर सांभाळत होते. त्या व्यवस्थेचं गुणगान करायचं मला कारण नाही. तिच्यात जात होती, लाचारी होती, आणि आत्र्यांनीही तिची पुरेशी उलटतपासणी केलेली आहे. पण तिच्यात एक गोष्ट अशी होती की दांडा ढिला झाला तर पुन्हा काम त्याच सुताराला, त्याच धान्यात, करावं लागे. म्हणून तो ओलं लाकूड बसवत नसे. आज दांडा विकणाऱ्याला तो पुढच्या उन्हाळ्यात काय करतो याच्याशी देणंघेणं नाही. ढिला झाला तर त्याचा आणखी एक दांडा खपतो.

शहाण्यांनी यावर तोड काढली ती पाइपाची. फावड्याला, कुऱ्हाडीलासुद्धा, लोखंडी नळी वेल्डिंग करून मिळते. ती आकसत नाही, ढिली होत नाही, वाळवी लागत नाही. फक्त प्रत्येक घावाचा झणका पोकळ नळीतून सरळ कोपरापर्यंत येतो. दिवसभर असं फावडं चालवणाऱ्याचा हात रात्री बधिर होतो. लाकूड जो झटका पोटात घेत होतं तो आता माणूस घेतो. आणि धान कापायला तर हार्वेस्टर येतात. मोठ्या बांध्या ते तासाभरात उरकतात. अडचणीच्या, लहान, ओलसर बांध्यांमध्ये मात्र यंत्र शिरत नाही आणि लोळलेलं धान त्याला नीट कापता येत नाही. तिथे विळाच चालतो आणि अजून बरीच वर्षं चालेल.

राजेगावच्या त्या सुताराकडून निघताना मी एक दांडा मागितला. त्यानं माळ्याकडे बघितलं. "हाये एक, धामनीचा. पन अजून वारला नाही. बैसाखात या जी."

दांड्याचं लाकूड तोडायचा काळ दिवाळी झाली की येतो. ज्यांच्या घरी कुऱ्हाड, कुदळ, फावडं आहे त्यांनी पौषात बांधावरच्या बाभळीची एक सरळ फांदी उतरवावी, नसेल तर बाजारातून दोन दांडे तेव्हाच आणावेत. गालाला लावून बघावेत, रेषा टोकापर्यंत सरळ आहे का ते पाहावं, तोंडांना मेण लावून माळ्यावर टाकावेत. एप्रिल संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. विळा असेल तर मूठ करायला द्यायच्या आधी तो ज्यांच्या हातात जाणार आहे त्यांच्या हाताचं माप घ्यावं. आणि तोवर घरातली डुलणारी कुऱ्हाड बादलीत घालू नये.